तीनशे जणांना जामीन

कुणाला जामीन राहू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे बजावत आली आहेत. पतपेढीच्या कागदावर भिडेखातर सही करणाऱ्या भल्या माणसाची पुढे काय गत होते, हे प्रत्येक गावाने पाहिलेले असते. कार्ल लेम्ले या गृहस्थाने मात्र उतारवयात अशा शेकडो सह्या केल्या; त्याही पुष्कळदा कधी न पाहिलेल्या माणसांसाठी.

हॉलिवूडच्या युनिव्हर्सल या चित्रसंस्थेचा हा संस्थापक. दक्षिण जर्मनीतल्या लाउपहाइम या लहान गावात, ज्यू कुटुंबात १८६७ साली जन्मलेला. सतराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला, पडेल ते काम केले आणि ऑशकॉशच्या एका कपड्यांच्या दुकानाचा व्यवस्थापक झाला. १९०६ साली शिकागोत छोटे चित्रपटगृह काढले. मग एडिसनच्या पेटंट-मक्तेदारीशी कोर्टात झुंजत १९१२ मध्ये युनिव्हर्सल उभी केली. पण हॉलिवूडमध्ये अधिक चर्चा व्हायची ती त्याच्या नातेवाइकांच्या खोगीरभरतीची. लाउपहाइमकडचा कुणीही आला की लेम्लेमामा त्याला कुठेतरी चिकटवून देत!

रेमार्कच्या कादंबरीवर त्याच्या संस्थेने काढलेला युद्धविरोधी चित्रपट १९३० साली बर्लिनमध्ये लागला, तेव्हा नाझींनी थिएटरात उंदीर सोडून खेळ उधळला. पुढे हिटलर सत्तेवर आला आणि गावातल्या रस्त्याला दिलेले लेम्लेचे नावही गेले.

ज्यूंना आता देश सोडायचा होता. जर्मनीसाठी अमेरिकेचा कोटा वर्षाला सुमारे २६ हजारांचा. पण नुसता नंबर लागून भागत नसे. हा माणूस उद्या सरकारच्या गळ्यात पडणार नाही, याची कॉन्सलला खात्री पटावी लागे. नाझी तर निघणाऱ्याला जवळजवळ नागवूनच सोडत. तेव्हा अमेरिकेतल्या कुणीतरी आपले उत्पन्न, बँकेतली शिल्लक, मालमत्ता सारे उघड करून, याच्या पोटापाण्याची हमी मी घेतो, असे प्रतिज्ञापत्र द्यायचे. अमेरिकेत मामा-काका नसलेल्याने काय करावे? लाउपहाइम आणि आसपासच्या लोकांनी लेम्लेला पत्रे धाडली. त्याने तीनशेहून अधिक जणांची हमी घेतली.

आणि इथेच घोडे अडले. १९३६ साली संस्था त्याच्या हातून गेली होती. स्टुटगार्टच्या अमेरिकन कचेरीला त्याच्या कागदांविषयी शंका येऊ लागली: सत्तरी ओलांडलेला म्हातारा, इतक्या जणांना तो किती दिवस पोसणार? १९३८ मध्ये त्याने परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्याकडे गाऱ्हाणे मांडले. पण त्याची सही आता अगदी जवळच्या नातलगांपुरतीच चालणार, हे कळून चुकले होते. मग ज्याने जन्मभर दिले, त्याने मागायला सुरुवात केली. पैसे नव्हे, दुसऱ्यांच्या सह्या. दिग्दर्शक विल्यम वायलरलाही त्याने लिहिले. हा वायलर त्याच्याच नात्यातला. १९२० च्या सुमारास त्यानेच युरोपातून आणून युनिव्हर्सलमध्ये लावलेला. ज्या खोगीरभरतीला लोक हसत, तिच्यातूनच आता नवे जामीनदार शोधायचे होते.

कॉन्सलचा हिशेब कागदावर बरोबरच होता, असे म्हणावे लागते. लेम्ले २४ सप्टेंबर १९३९ ला वारला. युद्धाला तेव्हा तीन आठवडे झाले होते. लाउपहाइममध्ये मागे उरलेल्या ज्यूंची १९४१ आणि १९४२ मध्ये छावण्यांकडे रवानगी झाली.