पाच टक्क्यांची भिंत आणि पेट्रा केली

जर्मनीत पक्षाला ५ टक्के मतं पडली नाहीत, तर संसदेत जागा मिळणं जवळजवळ अशक्य. हरित पक्षानं ही भिंत ओलांडली, तेव्हा पक्षाचा चेहरा होत्या पेट्रा केली.

जन्म १९४७ चा, बव्हेरियातल्या गुंझबुर्गचा. १९७० साली धाकटी बहीण कॅन्सरनं गेली, अवघ्या दहा वर्षांची. पुढं अणुभट्ट्या आणि अण्वस्त्रांविरुद्धचा लढा केलींनी सोडलाच नाही.

जानेवारी १९८० मध्ये पक्ष उभा राहिला. त्या वर्षी मतं पडली जेमतेम दीड टक्का. १९८३ ला मात्र ५.६ टक्के! केलींसह २७ खासदार पश्चिम जर्मनीच्या संसदेत गेले. १९८७ ला मतं ८.३ टक्क्यांवर गेली.

१९९० ला दोन्ही जर्मनी एक झाल्या. सगळे एकीकरणावर बोलत होते, हा पक्ष हवामानावर. पश्चिम भागात मतं ४.८ टक्क्यांवरच अडली आणि तिथल्या सगळ्या जागा गेल्या. केलीही खासदार राहिल्या नाहीत.

ऑक्टोबर १९९२ मध्ये बॉनच्या घरात त्यांचा मृतदेह सापडला. जोडीदार गेर्ट बास्टियान यांनी त्यांना गोळी घालून स्वतःला संपवलं, असं तपासात निघालं. केली ४४ वर्षांच्या होत्या.

१९९४ ला पक्ष पुन्हा भिंतीपलीकडं गेला. १९९८ ला सत्तेत बसला. ते बघायला केली नव्हत्या.