लास कासास

कोलंबस १४९२ साली अमेरिकेकडच्या बेटांवर पोचला हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्यामागून स्पेनचे शिपाई गेले, तसेच ख्रिस्ती पाद्रीही गेले. त्यांतलेच एक बार्तोलोमे दे लास कासास.

त्यांचा जन्म स्पेनमधील सेव्हिल शहरात १४८४ साली झाला. १५०२ साली ते समुद्रापार गेले. पुढे ते पाद्री झाले. क्यूबा बेटावर त्यांना जमीन मिळाली आणि राबायला तिथले मूळ रहिवासी मिळाले. मूळ रहिवाशांना ख्रिस्ती धर्म शिकवावा आणि त्याबदली कामाला लावावे, असा स्पेनचा नियम होता. धर्म नावाला, खरी ती वेठबिगारीच! सोन्याच्या खाणीत राबून कितीतरी माणसे मेली.

१५१४ साली बायबल वाचता वाचता लास कासास यांचे मन पालटले. गरिबाला लुबाडून केलेले दान देवाला कसे चालेल, असे त्यांना वाटले. त्यांनी आपल्या वेठबिगारांवरचा हक्क सोडला. स्पेनला जाऊन राजाकडे दाद मागितली. १५४२ साली राजाने नवे कायदे केले. जमीनदार खवळले, काही कलमे मागे घ्यावी लागली, पण ते गप्प बसले नाहीत.

एक चूक मात्र त्यांच्या हातून झाली. आफ्रिकेतून गुलाम आणा, असे त्यांनी आधी सुचवले होते. त्याचा पुढे त्यांना फार पस्तावा झाला.

१५६६ साली माद्रिद येथे ते वारले. ज्या धर्माच्या नावाने जुलूम चालला, त्याच धर्माच्या आधाराने ते जुलमाविरुद्ध झगडले.