गणिताचार्य महावीर

महावीर हे नाव उच्चारताच चोविसावे तीर्थंकर डोळ्यांसमोर उभे राहतात. त्याच नावाचे एक थोर जैन आचार्य इसवी सनाच्या नवव्या शतकात दक्षिणेत होऊन गेले. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा तो काळ. मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, ही त्यांची राजधानी होती. आदिपुराणकर्ते जिनसेनाचार्य सम्राटांचे गुरू होते. विद्येला असा राजाश्रय लाभलेल्या काळात महावीराचार्यांनी सुमारे ८५० मध्ये 'गणितसारसंग्रह' रचला आणि त्याच्या आरंभी तीर्थंकरांना वंदन करून अमोघवर्षांचा गौरव केला.

आचार्यांचे खरे चरित्र या ग्रंथातच आहे. अकराशेहून अधिक संस्कृत श्लोक, नऊ अधिकार. ब्रह्मगुप्तांचे गणित ज्योतिषग्रंथाचा एक भाग म्हणून आले होते. महावीराचार्यांनी मात्र केवळ गणितालाच वाहिलेला ग्रंथ लिहिला. व्यापार, पाकशास्त्र, वैद्यक, संगीत, वास्तुविद्या, सर्वत्र गणित लागते, हे त्यांनी प्रारंभीच आग्रहाने मांडले.

त्यांच्यातील शिक्षक खऱ्या अर्थाने दिसतो तो पहिल्या अधिकारात. गुणाकार-भागाकार शिकविण्यापूर्वीच त्यांनी धन आणि ऋण संख्यांचे नियम अवघ्या काही श्लोकांत सांगून टाकले. दोन धन किंवा दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन. एक धन व एक ऋण असेल तर ऋण. भागाकारासही हाच न्याय. धन व ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांतील अंतर. वजा करावयाचे धन ऋण होते आणि वजा करावयाचे ऋण धन होते.

हा शेवटचा नियम विद्यार्थ्यांना आजही अडतो. वस्तुतः त्याचा अर्थ या शब्दांतच दडलेला आहे. ऋण म्हणजे देणे. गल्ल्यात ५०० रुपये आणि २०० रुपयांचे देणे असेल, तर व्यापाऱ्याची निव्वळ शिल्लक ३००. सावकाराने ते देणे सोडून दिले, की गल्ल्यात एक पैसाही न पडता शिल्लक ५०० होते. ऋण वजा झाले, धन वाढले! प्रत्येकी ५० रुपयांची तीन देणी मिटली तर १५० रुपयांचा लाभ होतो; ऋण गुणिले ऋण धन का, याचेही उत्तर वहीखात्यातच सापडते.

हे नियम सर्वप्रथम महावीराचार्यांनीच सांगितले, असे अभिमानापोटी म्हणणे उचित होणार नाही. ब्रह्मगुप्तांनी ते ६२८ मध्येच दिले होते. महावीराचार्यांनी त्यांत एक मोलाची भर घातली. धन असो वा ऋण, वर्ग नेहमी धनच येतो. म्हणून ऋण संख्या स्वभावतः कोणाचाही वर्ग नसते आणि तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. अशा मुळांना गणितात स्थान देण्याचा विचार युरोपात सोळाव्या शतकात सुरू झाला.

शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हा त्यांचा नियम मात्र चुकला. शून्याने गुणल्यास शून्य, हे त्यांनी अचूक सांगितले होते. पण शून्याच्या भागाकाराने त्यांच्याआधी ब्रह्मगुप्तांनाही चकविले होते.

दक्षिणेत हा ग्रंथ दीर्घकाळ अभ्यासला गेला. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी तो तेलुगूत आणला. रंगाचार्यांनी १९१२ मध्ये मद्रास येथून इंग्रजी अनुवादासह तो प्रकाशित केला, तर लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद १९६३ मध्ये आपल्या सोलापुरातून, जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.