सरखेल कान्होजी आंग्रे

आपल्या हैदराबादेतील मुलांना पाणी म्हटले की हुसेनसागर आठवतो. म्हणून या अंकात आम्ही समुद्रावर नाव कमावलेल्या एका मराठी घराण्याची माहिती देत आहोत.

हे घराणे मूळचे संकपाळ. आंगरवाडी गावावरून आंग्रे झाले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले व सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणून कायम झाले. त्यांचा परवाना नसलेले जहाज कोकण किनाऱ्यावर पकडले जाई. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. आम्हांस हे मान्य नाही. आपल्या किनाऱ्यावर जकात घेणारा चाचा कसा? १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. पुढची हकीकत सांगताना वाईट वाटते. थोरले सेखोजी १७३३ साली गेले आणि संभाजी व मानाजी या भावांत तंटा लागला. दौलत दुभंगली. संभाजींमागून आलेल्या तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले.

कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. तिकडे जाणाऱ्या पालकांनी मुलांना ती अवश्य दाखवावी. जवळच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते.