राजापूरचा बॅरिस्टर

नाथ पै म्हटले की लोकांना त्यांचे वक्तृत्व आठवते. मला मात्र त्यांचे मोठेपण एका तडीस न गेलेल्या विधेयकात दिसते.

१९२२ साली वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूरने त्यांना लोकसभेत पाठवले. मतदारसंघ कोकणातला, रेल्वे नाही, घरे मुंबईच्या मनिऑर्डरींवर चालणारी. पक्ष प्रजा समाजवादी, म्हणजे जागा कायम विरोधी बाकांवर.

फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ मतांनी निकाल दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. हा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेचाच, अशी भूमिका घेऊन नाथांनी खाजगी विधेयक मांडले. संयुक्त समिती बसली, चर्चा झडल्या. पण डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ गेले. वय अवघे ४८.

त्याच वर्षी सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच केले. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने ती उचलून धरली. मात्र घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही, अशी मेखही मारली. तिचे मोल आणीबाणीने शिकवले. नाथांचा संसदेवरचा विश्वास भाबडा होता, असे मला वाटत नाही. संसदेला अधिकार हवा, तर तिथे तोलामोलाची माणसेही हवीत. ती निवडणे मतदारांच्या हाती. राजापूरने ते तीनदा करून दाखवले.