डॉ. डेनिस बर्किट

रक्ताच्या कर्करोगाच्या कुळातील एका रोगाला ज्यांचे नाव मिळाले, ते डॉ. डेनिस बर्किट एका डोळ्याचे शल्यवैद्य होते. त्यांचा जन्म १९११ साली आयर्लंडमधील एनिस्किलन गावी झाला. अकराव्या वर्षी दगड लागून चष्मा फुटला व एक डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते इंजिनियर होण्यास गेले होते. तेथे प्रार्थनेसाठी जमणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संगतीत त्यांनी आपले जीवन प्रभूला वाहिले, आणि देव आपल्याला वैद्यकीकडे बोलावीत आहे अशी खात्री होऊन विषय बदलला. आफ्रिकेतील सरकारी नोकरीसाठी त्यांनी केलेला अर्ज मात्र डोळ्याच्या कारणाने नामंजूर झाला. महायुद्धात सैन्यात डॉक्टरी केल्यावर १९४६ साली त्यांची युगांडात नेमणूक झाली.

१९५७ साली कंपाला येथील मुलागो रुग्णालयात एक लहान मुलगा त्यांना दाखविण्यात आला. त्याच्या जबड्याला वर-खाली, दोन्ही बाजूंनी गाठी आल्या होत्या. असे त्यांनी कधी पाहिले नव्हते. काही आठवड्यांनी जिंजाच्या रुग्णालयात खिडकीतून बाहेर पाहताना आईसोबत तसेच दुसरे मूल दिसले. हातचे काम सोडून ते बाहेर गेले व त्याला तपासले. त्याच्या पोटातही गाठी होत्या. मग त्यांनी जुनी टिपणे चाळली, ठिकठिकाणच्या डॉक्टरांना छायाचित्रांसह पत्रे पाठविली आणि येणारी उत्तरे नकाशावर मांडली. हा रोग लसिकापेशींचा कर्करोग आहे हे पुढे सिद्ध झाले.

आमच्या व्यासपीठांवरून अशी चरित्रे चमत्कार म्हणून सांगितली जातात. येथे मात्र पत्रे, नकाशा आणि पुष्कळ धूळ होती! १९६१ साली मिशनरी डॉक्टर टेड विल्यम्स आणि डॉ. क्लिफ नेल्सन यांच्यासह ते एका जुन्या फोर्ड मोटारीतून निघाले. दहा आठवड्यांत सुमारे १०,००० मैल फिरून त्यांनी पन्नासांहून अधिक रुग्णालये पाहिली. थंड, उंच प्रदेशांत व कोरड्या भागांत हा रोग आढळेना. उष्ण, पावसाळी, हिवतापाच्या प्रदेशांत आढळे. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान ऐकून डॉ. अँथनी एपस्टाइन यांनी गाठींचे नमुने मागविले, आणि १९६४ साली आपले सहकारी अचाँग व बार यांच्यासह त्यांतील विषाणू जाहीर केला. तो विषाणू जगभर बहुतेकांच्या शरीरात असतो. वारंवारच्या हिवतापाने मुलाची प्रतिकारशक्ती बिघडते तेथे तो घातक ठरतो, असे आज मानले जाते.

पण मुले मरत होती, त्यांचे काय? शस्त्रक्रियेने चेहरा विद्रूप होई आणि जीवही वाचत नसे. किरणोपचाराची सोय कंपालात नव्हती. बर्किट यांनी मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड, व्हिन्क्रिस्टीन ही औषधे देऊन पाहिली. काही दिवसांत गाठी विरघळू लागल्या. गाठ गेली की पालक मुलाला घरी नेत, त्यामुळे पुष्कळांना एकदोनच मात्रा मिळाल्या. तरीही त्यांतली काही मुले कायमची बरी झाली. केवळ औषधांनी कर्करोग बरा होतो याचे हे अगदी आरंभीचे पुरावे होत. पुष्कळ मुले दगावलीही, हे लपविण्यात अर्थ नाही.

१९६६ साली ते पत्नी ऑलिव्ह व तीन मुलींसह इंग्लंडला परतले. पुढे आहारातील कोंड्याचे महत्त्व सांगत ते देशोदेशी हिंडले. जगातील बहुतेक लोक त्यांना त्यासाठीच ओळखतात. १९७२ साली रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. २३ मार्च १९९३ रोजी ते प्रभूकडे गेले. सधन देशांत आज या रोगाची दहांपैकी नऊ मुले बरी होतात. आफ्रिकेत अजून तितकी होत नाहीत.