अहिल्यादेवींची पाषाणसेवा

महाशिवरात्रीच्या पुण्यपर्वावर शिवदर्शनास निघताना आम्हां भाविकांस पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. जामखेड तालुक्यातील चोंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ साली त्या जन्मल्या आणि सुभेदार मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेरावही गेला.

दुःख उराशी ठेवून त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. महेश्वरी नर्मदेवर दगडी घाट बांधविले. दर पावसाळ्यात पुराचा मार सोसणाऱ्या काठावर नीट घडवून बसविलेला चिराच टिकतो. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला. १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले. गयेचे विष्णुपद मंदिरही घडीव पाषाणात साकारले.

१७९१ मध्ये कन्या मुक्ताबाई सती गेल्या. १७९५ साली देवींनीही देह ठेवला. संसार काळाने नेला. यात्रेकरूंसाठी घातलेल्या पायऱ्या मात्र राहिल्या. २०२४ मध्ये त्यांच्या जन्मभूमीच्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव लाभले. आम्ही मात्र घाट उतरताना पहिल्या पायरीस हात लावून त्या माउलीस वंदन करू.